दसऱ्यानंतरची पहिली तपासणी

आमच्या कारखान्यात बंदुकीच्या नळ्या बनतात असं सांगितलं की समोरचा माणूस आधी मला वरपासून खालपर्यंत बघतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "म्हणजे, खऱ्या?" खऱ्याच असतात. फक्त छऱ्याच्या बंदुकीच्या. वणीच्या यात्रेत फुगे फोडायची बंदूक असते ना, तिची शिकली-सवरलेली, परदेशी जाणारी बहीण. एवढं कळलं की समोरच्याचा चेहरा पडतो आणि माझी पतही. म्हणून हल्ली मी हे दुसरं वाक्य जरा उशिरा बोलतो.

त्यातही नळी मी बनवत नाही, तपासतो. अंबडच्या एका शेडमध्ये काचेच्या खोलीत बसायचं, इतरांनी घाम गाळून केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं होतं, "जावई नेमकं करतात काय?" मी म्हणालो, "क्वालिटी." त्यांनी समाधानाने मान हलवली. त्यानंतर आजतागायत त्यांनी पुन्हा विचारलेलं नाही.

सासुरवाडी देवळ्याची. नळीला आरपार भोक पाडायच्या मशीनवर आमच्याकडे जो माणूस आहे, तोही देवळ्याचाच, बायकोच्या गल्लीतला. त्यामुळे तो मला दाजी म्हणतो आणि मी त्याला मेव्हणे. गावच्या जावयाचा मान आणि खोट काढणाऱ्याला शिव्या, दोन्ही एकाच तोंडातून मिळतात. रोज संध्याकाळी काचेवर टिचकी मारून तो विचारतो, "काय दाजी, आज आमची किती लेकरं मारली?" म्हणजे किती नळ्या नापास केल्या.

करोनाची टाळेबंदी इथे उठली त्या सुमारास परदेशातल्या लोकांना परसात रिकामे डबे मांडून उडवायचा नाद लागला होता. घरात बसून दुसरं करणार काय? आमच्या नळ्या तिकडच्या एका कंपनीला जायच्या आणि ती त्यावर दस्ता आणि आपलं नाव चढवायची. तिन्ही पाळ्या चालत. शेठनी, म्हणजे आमच्या मालकांनी, शेजारचा गाळासुद्धा भाड्याने घेतला. मग तिकडची माणसं आपापल्या कामाला लागली, डबे कचऱ्यात गेले आणि आमच्या नळ्या त्यांच्या गोदामात पडून राहिल्या. तिकडून मेल यायला लागले. आधी "जरा सावकाश पाठवा", मग नुसतं "थांबा". रात्रपाळी बंद झाली, पाठोपाठ दुसरी. कंत्राटी पोरांना ब्रेक दिला. ब्रेक म्हणजे "उद्यापासून येऊ नका" म्हणायची आमच्याकडची सभ्य पद्धत. चहावाला आधी भलीमोठी किटली घेऊन यायचा, तो एक दिवस थर्मास घेऊन आला. मला त्या मेलपेक्षा थर्मासची जास्त भीती वाटली.

नवरात्र बसायच्या आधी शेठनी उरलेल्या आम्हा सगळ्यांना शेडमध्ये उभं केलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. हातात एकच लॉट आहे. तो चांगला गेला तर कंपनी थोडं का होईना, पुढचं काम देईल. परत आला तर दिवाळीनंतर ड्रिलिंग बंद. लागतील तेवढ्या नळ्या बाहेरून करून घेऊ.

ड्रिलिंग बंद म्हणजे मेव्हणे घरी. सगळ्यांनी एकदम त्याच्याकडे न बघायचा प्रयत्न केला.

तो जाणार कुठे, हे मला माहीत होतं. देवळ्याला थोरल्या भावाची कांद्याची शेती आहे. भाऊ दर फोनला म्हणायचा, ये परत, माणूस मिळत नाही. शेतीचं याला वावडं नव्हतं. "पर तिथं गेलो का मी मानूस ऱ्हात नाय, दाजी," तो म्हणायचा. "भावाचा गडी होतो. पानी पाज, चारा टाक, आन् वरून शिकवतो, पान्याचे बारे कसे द्यायचे. हितं मशीनवर मला कोन शिकवतं का?" इथे त्याला कुणी शिकवत नव्हतं हे खरं. मी शिकवायला गेलो होतो एकदा. त्याबद्दल नंतर कधीतरी. नाही, कधीच नाही.

तर खंडेनवमी. त्या दिवशी मशीन बंद. शेड धुऊन, झेंडूच्या माळा लावून, ज्याचं जे हत्यार ते त्याने पूजायचं. फिटरने पाने-पक्कड, हिशेबनिसाने कॅल्क्युलेटर. माझं हत्यार म्हणजे गेज. एका दांडीला बसवलेली बारीक गोल सळई, घासूनपुसून इतकी नेमकी केलेली की केसाचाही फरक तिला चालत नाही. एका टोकाला म्हणतात गो, दुसऱ्याला नो-गो. नळीत गो पूर्ण गेलं पाहिजे आणि नो-गो शिरता कामा नये. माझं सगळं ज्ञान एवढंच. बाकी सगळा चष्मा आणि गंभीर चेहरा.

दरवर्षी मी गेजच्या लाकडी पेटीला एक बोट कुंकू टेकवून प्रसादाच्या रांगेत पुढे सरकायचो. यंदा निघताना बायकोने दारातच अडवलं. "यंदा तरी मनापासून करा पूजा. पेटीला बोट लावून येता नुसतं. आमच्या भावाची भाकरी आहे त्यात."

मग मी मनापासून केली. गेज पेटीतून काढलं, तेलाचं बोट फिरवलं, त्यावर ओली हळद, त्यावर कुंकू, त्यावर अक्षता. टोकापासून दांडीपर्यंत कुठे सोडलं नाही. मेव्हणे शेजारी उभा राहून बघत होता. म्हणाला, "दाजी, लयच झालं. लग्नात मला येवढी हळद लागली नव्हती."

दसऱ्यानंतर कामाला सुरुवात झाली. मी गेज हातात घेतलं आणि पुसायला फडकं उचललं. पुसणार इतक्यात मनात आलं, पूजेचं कसं पुसून टाकायचं? आणि तेही नेमकं यंदा? म्हणून पुढचं टोक तेवढं चकचकीत केलं आणि मागचा भाग तसाच राहू दिला. आशीर्वाद म्हणून.

पहिल्या नळीत गो थोडं गेलं आणि अडलं. दुसरी घेतली. थोडं गेलं, अडलं. तिसरीही तशीच. खोक्यातल्या सगळ्या नळ्या तिथेच, अगदी त्याच जागी अडायला लागल्या. कुठल्याही शिकाऊ पोराने एवढ्यावर ओळखलं असतं की सगळ्याच एका जागी अडत असतील तर नळ्यांचा दोष नाही. पण मी शिकाऊ नव्हतो. अनुभवी होतो. मी मनाशी निदान केलं, भोक आत निमुळतं होत गेलंय. आणि लाल खडू घेऊन एकेका नळीवर फुली मारत सुटलो. लालभडक बोटांनी, जड अंतःकरणाने.

बोटं लाल दिसत होती. गेजवरचं कुंकूही मला दिसत होतं. पण मला ते कुंकूच दिसत होतं, त्याचा थर दिसत नव्हता.

मेव्हणे आत आला. टेबलावरच्या फुल्या बघून थबकला. लेकरांचं काहीच विचारलं नाही त्याने.

"काय झालं, दाजी?"

"अडतंय, मेव्हणे."

"किती?"

"सगळ्याच."

"परत बघा ना येकदा."

मी त्याच्यासमोर परत बघितलं. अडलं. तो तडक वळला. बाहेर गेला, गेटजवळच्या बदामाखाली उभा राहिला आणि त्याने फोन लावला. काचेतून मला त्याची पाठ दिसत होती. कुणाला लावला असेल, हे सांगायला नको होतं.

मी शेठच्या केबिनमध्ये गेलो. ते म्हणाले, "सगळ्या? अहो, सगळ्या कशा जातील?"

"भोक निमुळतं आलंय, साहेब."

"ड्रिलवर कोण होतं?"

ड्रिलवर एकच माणूस उरला होता, आणि हे त्यांनाही माहीत होतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "जेवण झालं की पाठवा त्याला माझ्याकडे," म्हणाले. "मीच सांगतो."

डब्याच्या वेळी मी मोरीवर हात धुवायला उभा राहिलो. डबा खायची इच्छा नव्हती, पण घरी बायकोला तो रिकामा दाखवायचा असतो. पाण्याने खडूचा लाल रंग निघून गेला. पेरांवर पिवळं राहिलं. साबण लावला आणि ते पिवळं भराभर लाल व्हायला लागलं.

साबण लागला की लाल होणारं पिवळं माझ्या घरात एकच. भाजीचे हात नॅपकिनला पुसतो म्हणून दर धुण्याला मी त्यावरून बोलणी खातो. मी नळ तसाच वाहता ठेवला आणि काचेच्या खोलीकडे धावलो.

गेजवर नख ओढलं. तेलात मळलेली, नळ्यांत दाबून दाबून घट्ट झालेली हळद पापुद्र्यासारखी निघाली. रॉकेलने धुतलं, पुसलं, पुन्हा धुतलं आणि फुली मारलेली नळी उचलली. गो इतकं सरळ गेलं की दांडी नळीवर आपटली. उलटं करून नो-गो लावलं. ते तोंडाशीच थांबलं. दुसरी नळी, तिसरी नळी. सगळ्या चांगल्या होत्या. सुंदर होत्या, खरं सांगायचं तर.

वर बघितलं तर मेव्हणे केबिनचं दार लोटून आत शिरत होता.

त्यानंतर मी जो धावलो, ते रस्त्यावरच्या कुणी बघितलं असतं तर पोलिसांना फोन गेला असता. हातात बंदुकीची नळी, डोळे विस्फारलेले, बोटं लालभडक. दार ढकललं तेव्हा शेठ म्हणत होते, "...तुमच्या कामाबद्दल कधी तक्रार नव्हती, पण..."

"साहेब, थांबा! नळ्या चांगल्या आहेत. गेजला हळद होती."

शेठनी माझ्या बोटांकडे बघितलं.

"कसली हळद?" शेठनी विचारलं.

"खंडेनवमीची."

"तुम्ही गेजची पूजा केलीत?"

"दरवर्षी करतो, साहेब. यंदा जरा मनापासून केली."

शेठनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा मला वाटलं, संपलो आपण. मग कळलं की ते हसतायत. मग एकदम थांबून ते माझ्यावर असे ओरडले की बाहेर फिटरने काम थांबवलं. लॉट नापास झाला असा मेल ते तिकडे पाठवणार होते. अर्धा लिहूनही झाला होता. त्यांनी तो माझ्यासमोर एकेक अक्षर करून पुसला, मला शिक्षा म्हणून. माझी नजर त्या पडद्यावरून हलेना. इतकी गोड शिक्षा मला कधी झाली नव्हती.

मेव्हणे अजून उभाच होता. "म्हंजी साहेब, मी हाय का जाऊ?"

"आहात, आहात. आणि ह्यांना घेऊन जा माझ्यासमोरून."

दुपारभर मी ओल्या फडक्याने फुल्या पुसत बसलो. मदतीला कुणी हात लावायला लागलं तर मेव्हणे अडवायचा. "नाय नाय, दाजींना पुसू द्या. त्यांनीच कुंकू लावलं, त्यांनीच पुसायचं." पुन्हा तपासताना काही नळ्या खरोखरच नापास निघाल्या. लॉटमध्ये तेवढ्या निघतातच. पहिली बाजूला ठेवली तसा मेव्हणे पुढे आला. त्याने माझ्या हातून गेज घेतलं, नाकाशी नेऊन वास घेतला आणि मगच मान हलवली.

घरी सांगितलं तेव्हा बायको पोटभर हसेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "मग बरोबरच आहे. झाली ना पूजा सुफळ?" मी बरंच समजावलं. पण लॉट वाचला होता, भावाची नोकरी शाबूत होती, आणि माझ्या म्हणण्याला तिच्यापुढे काही पुरावा नव्हता.

तरी मेव्हणे पुरता मोकळा झाला नव्हता. लॉट रवाना झाला, पण पुढचं काम येईपर्यंत काही खरं नव्हतं. देवळ्याला "येतो" म्हणून कळवून बसला होता तो, आणि "येत नाही" म्हणायचं धाडस होत नव्हतं. तिकडे भावाने त्याच्या भरवशावर उन्हाळी कांद्याचं रोप टाकायची तयारी चालवली होती. दर दोन दिवसांनी फोन यायचा. हा "हां, हां" करून ठेवून द्यायचा आणि मान खाली घालून मशीन पुसत बसायचा. ते पुसणं बघून मला माझ्या खोलीत बसवत नसे.

दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी शेठ स्वतः शेडमध्ये आले. काम आलं होतं. पूर्वीच्या मानाने थोडंच. एकच पाळी, ओव्हरटाइम नाही, गेलेल्यांपैकी कुणाला परत बोलावणं नाही. पण ड्रिलिंग चालू राहणार. शेठनी एवढं सांगितलं आणि उगाच एका मशीनवर थोपटून निघून गेले.

सुटल्यावर मेव्हणे मला गेटबाहेरच्या टपरीवर घेऊन गेला. चहा सांगितला आणि कप हातात यायच्या आधीच भावाला फोन लावला. मी शेजारी उभा होतो, भावाचा आवाज फोनबाहेर येत होता.

"भाऊ, माझं यायचं रद्द बरं का. हितं काम आलं."

पलीकडून बराच वेळ जोरजोरात काहीतरी आलं. रोप, मजूर, आणि मध्ये माझ्या सासुरवाडीचा उद्धार, का ते कळलं नाही. मेव्हणे फोन कानापासून लांब धरून ऐकत राहिला. हळूहळू त्याच्या तोंडावर हसू पसरायला लागलं. शेवटी तो म्हणाला, "आरे पर मशीन सोडून कसा येऊ मी?" आणि फोन ठेवला.

"लय चिडला, दाजी," चहाचा पहिला घोट घेत तो म्हणाला. "लयच चिडला. लय बरं वाटलं."