रंभाबाईचा लाल पास्ता

रंभाबाईच्या हाताला चव आहे हे भरे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिला कुठल्या कार्यात चुलीजवळ बसवायचं नाही हेही सगळ्यांना ठाऊक होतं. एकाच बाईबद्दल गावाला या दोन्ही गोष्टी ठाऊक असायला कारण तिची थोरली जाऊ, धोंडाबाई.

धोंडाबाईच्या शंभूचं लग्न झालं, त्यानंतरच्या खंडोबाच्या जागरणाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी भावकीला मटणाचं जेवण होतं आणि रस्सा रंभाबाईकडे होता. पहिली पंगत उठेना. जो तो वाटी पुढे करी आणि म्हणे, "रंभावैनी, आणि एकदा." मुलगा धोंडाबाईचा, मांडव धोंडाबाईचा, खर्च धोंडाबाईचा आणि नाव मात्र धाकटीचं होत होतं. दुसरी पंगत बसायच्या आत धोंडाबाई पातेल्यापाशी आली, डाव बुडवून वास घेतला आणि ओरडली, "नासलाय रस्सा! माणसं मारायचीत का?" कुणी काही बोलायच्या आत पातेलं परड्यात उपडं झालं होतं.

"आक्का, एक घास खाऊन तरी बघा," रंभाबाई म्हणाली. तिचे हात मसाल्याचे होते.

धोंडाबाईने देवापुढचा भंडारा उचलला. "हिच्या हातचं अन्न ह्या तोंडात गेलं तर मल्हारी बघून घेईल," असं चार माणसांत म्हणाली आणि कपाळाला लावून मोकळी झाली.

तो रस्सा गावच्या कुत्र्यांनी खाल्ला. एकही आजारी पडलं नाही. पण कुत्र्यांची साक्ष कोण धरतं?

त्यानंतर भावकीत लग्नं झाली, बारशी झाली, दहावे-तेरावे झाले. रंभाबाईला कुणी लसूण सोलायलासुद्धा हाक मारली नाही. पंगतीत बसायची, समोर आलेला पाण्यासारखा रस्सा मुकाट्याने खायची आणि ताट घासून ठेवायची. नवरा कोंडिबा मऊ माणूस. तो म्हणायचा, "सोड की आता."

"तुमी सोडा. पातेलं तुमचं न्हवतं."

पुढे लवळ्याच्या टेकडीवर, कॉलेजच्या रस्त्याला एका कँटीनमध्ये ती कामाला लागली. आधी भांडी घासायला, नंतर स्वयंपाकाला. गावाला भांडी घासायचं तेवढं कळलं होतं. धोंडाबाई चारचौघींत म्हणायची, "पोरांची उष्टी काढती आमची जाऊ." हे कानावर यायचं. पुढचं रंभाबाईने कुणाला सांगितलं नाही.

त्या कँटीनचा संध्याकाळचा गाळा गौतमी नावाच्या मुलीने चालवायला घेतला होता. शिक्षण संपलं तरी ही पोर टेकडी सोडून गेली नव्हती. कोरियन पद्धतीचं खाणं विकायची आणि त्यावर पोरांच्या उड्या पडायच्या. तिच्याकडे लाल चटणीचे चौकोनी डबे असत. रंभाबाईने पहिल्यांदा बोटावर घेऊन चाटली आणि म्हणाली, "मिरच्या आंबवून त्यात गूळ घातलाय व्हय कुणी?"

"जवळजवळ तसंच, मावशी. तांदूळ असतो, सोयाबीन असतं. कोरियातली बायका-माणसं वर्षाची करून ठेवतात."

"मंग चांगल्या घरची हायेत."

पोरांची सगळ्यात मागणी असायची ती त्या चटणीतल्या पास्त्याला. पहिल्या दिवशी रंभाबाईने पास्ता शेवयांसारखा शिजवला, त्याचा लगदा झाला. दुसऱ्या दिवशी मोठ्या आचेवर चटणीत गार दूध ओतलं, ते फाटलं. गौतमी हसली नाही. शेजारी उभी राहून तिने पुन्हा दाखवलं. पास्ता मिठाच्या पाण्यात उकळायचा, दाताला जरा लागेल इतपतच. तोवर दुसरीकडे लोण्यात लसूण. लसणाचा रंग बदलला की लाल चटणी, ती लोण्यात परतायची, कच्चा वास गेला पाहिजे. मग आच अगदी बारीक करून साय, वर किसलेलं चीज, आणि पास्त्याचं उकळलेलं पाणी डावभर. त्या पाण्याने सगळं एकजीव होतं आणि रंग असा येतो, की केशरी म्हणावं का लाल, कळत नाही. दूध तापून निवायला लागतो तेवढ्या वेळात जेवण तयार. महिन्याभरात पोरं गौतमीला विचारू लागली, "आज मावशी आहेत ना?"

मार्गशीर्ष सरला तशी एका दुपारी गौतमीने फोनवरची ऑर्डर वाचून दाखवली. "भऱ्याची आहे, मावशी. उत्कर्षा नावाच्या बाई आहेत, त्यांच्या मुलाचा वाढदिवस. घरचं जेवण आहेच, पण पास्ता पण हवाय. सासूबाईंनी नवीन दात बसवलेत, त्यांना मऊ काहीतरी, म्हणतायत."

रंभाबाईच्या हातातला झारा थांबला. उत्कर्षा म्हणजे शंभूची बायको.

"ओळखीचे आहेत?"

"जाऊ हाय माझी. ती सासू."

"अय्या, मग तुम्हीच घेऊन चला की!"

"मला आवतन हायेच. पंगतीला बसायला बोलावत्यात. तू भांडं घेऊन पुढं जा. कुणी केलं ते इचारल्याबिगर सांगू नको."

"सरप्राइज?"

"व्हय. तसलंच काय तरी."

त्या दिवशी चुलीपुढे उभी असताना तिच्या मनात वाईट आलं नाही असं नाही. घरच्या परड्यात एरंड होता, फडताळात जमालगोटा होता. पण पास्ता बिघडला तर धोंडाबाई पुन्हा खरी ठरणार होती. म्हणून रंभाबाईने उलट केलं. म्हशीच्या घट्ट दुधाची साय स्वतः काढली. लसूण ठेचला नाही, बारीक चिरला. लोणी करपू दिलं नाही. आयुष्यात कुणासाठी इतक्या मायेने रांधलं नव्हतं, आणि मनात मायेचा थेंब नव्हता.

संध्याकाळी धोंडाबाईच्या अंगणात भावकी बसली होती. केक कापून झाला. मटणाच्या फोडी धोंडाबाईच्या नव्या दातांना दाद देईनात. उत्कर्षाने वाटीत पास्ता आणून दिला.

"हे काय गं गांडुळावानी?"

"खाऊन तर बघा, आई. कोरियातलं आहे."

पहिला चमचा शंकेने गेला. दुसरा लवकर गेला. तिसऱ्यानंतर धोंडाबाईने वाटी पुढे केली. "आणि घाल. तिखट हाय, पर घशाखाली लोण्यावानी उतरतंय." दुसरी वाटी संपत आली तशी शेजारणीकडे वळून म्हणाली, "आमच्या सूनबाईला असलं समदं ठावं असतंय." आणि गौतमीकडे बघून, "तू केलंस व्हय पोरी? हात ग्वाड हाय तुझा."

"मी नाही आजी, आमच्या मावशींनी."

"कोन मावशी?"

समोरच्या रांगेतून रंभाबाई उठली. "मी, आक्का."

धोंडाबाईच्या हातातला चमचा वाटीत पडला.

"भंडारा उचलला होता न्हवं?" रंभाबाई म्हणाली. "समद्यांदेखत उचलला होता. आता समद्यांदेखत दोन वाट्या खाल्ल्या."

"फसिवलंस मला!"

"मी? मी तर हितं गप बसले व्हते. हात पुढं कुनी केला?"

कुणीतरी तोंडाला पदर लावून हसलं. धोंडाबाईचा चेहरा उतरला. तो लाजेने नव्हता उतरला, भीतीने. तिचा देवावर खरा विश्वास होता. भंडारा उचलून खोटं ठरलेल्याची काय गत होते याच्या गोष्टी तिनेच पोराबाळांना सांगितल्या होत्या, आणि आज नातवाचा वाढदिवस होता.

भावकीतले वडील एकनाथआण्णा खाकरले. "हे बघा, आपल्यात रीत हाय. जिच्या नावानं शपथ घेतली, तिनं आपल्या हातानं घास भरवला म्हंजे शपथ उतरती. देव मोकळं करतो. रंभा, भरव घास. मिटव."

कोंडिबा घाईने म्हणाला, "भरव गं. चांगला दिस हाय."

रंभाबाई जागची हलली नाही. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा सगळी भावकी तिच्या हाताकडे बघत होती.

"भरवती," ती म्हणाली. "पर आधी आक्कांनी सांगायचं. त्या दिवशी रस्सा नासला होता का?"

"आता ते जुनं कशाला उकरतीस?" धोंडाबाई म्हणाली.

"मंग ऱ्हाऊ द्या शपथ तुमच्यापाशी. मी जाते घरी."

ती खरंच चपला शोधू लागली. धोंडाबाईने नातवाकडे पाहिलं. आण्णांकडे पाहिलं. ते आकाशाकडे बघत होते.

"नव्हता," धोंडाबाई पुटपुटली.

"मागच्यास्नी ऐकू जाऊ द्या."

"नव्हता नासला! ब्येस झाला होता. झालं?" तिचा आवाज फाटला. "माझ्या पोराच्या लग्नात जो तो तुझंच नाव घेत होता. मी कोन होते मंग?"

असं काही कुणी विचारेल असं रंभाबाईला वाटलं नव्हतं. पण कीव आली असं म्हणता येणार नाही. ज्यांना जास्त तिखट लागतं त्यांच्यासाठी गौतमीने लाल चटणी वाटीत काढून ठेवली होती. रंभाबाईने चमच्यात पास्ता घेतला आणि त्यावर त्या चटणीचा लिंबाएवढा गोळा ठेवला.

"मावशी, एवढी नाही हो!" गौतमी म्हणाली.

"आ करा, आक्का."

धोंडाबाईने आ केला. घास गेला. कपाळाला घाम आला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, नाक लाल झालं. पाण्याचा तांब्या हाताशी होता, पण रीतीप्रमाणे घास पुरता उतरल्याशिवाय पाणी प्यायचं नव्हतं. ती चावत राहिली आणि रंभाबाई समोर उभी राहून बघत राहिली.

"कसा हाय?"

"ग्वाड हाय," धोंडाबाई कशीबशी म्हणाली.

"आणि एक देऊ?"

आण्णा मध्ये पडले म्हणून बरं.

घरी जाताना कोंडिबाने विचारलं, "झालं का आता मन शांत?" रंभाबाई म्हणाली, "माझ्याबिगर इतकी कार्यं झाली त्यांचं काय? ती काय परत व्हनार हायेत?"

आठवड्याभरात एकनाथआण्णा दारात आले. नातीचा साखरपुडा होता. "रस्सा तुझ्याकडं," म्हणाले.

"येते की. पर पयली वाटी आक्कांनी घ्यायची. पंगत बसायच्या आधी, समद्यांसमोर. ह्याच कार्याला न्हाई, दर कार्याला."

आण्णांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "शपथ उतरली न्हवं गं?"

"देवाची उतरली," रंभाबाई म्हणाली. "माझी मी कुटं उतरवली?"

आण्णा कबूल झाले, कारण पाहुणे शहरातले होते आणि जेवण चांगलं व्हायला हवं होतं. तेव्हापासून भऱ्यात त्यांच्या भावकीत कार्य असलं की पंगतीआधी धोंडाबाईला पुढे बोलावतात. रंभाबाई पातेल्यातून वाटी भरते, काठोकाठ. धोंडाबाई ती घेते. आणि वाटीचा तळ दिसेपर्यंत रंभाबाई दुसऱ्या कुणाला वाढत नाही, डाव हातात धरून तिच्यासमोर उभी राहते.