मांडीचा पट्टा

गेल्या भाऊबीजेच्या दुपारी रत्नागिरीजवळच्या किनाऱ्यावर माझ्या मामेबहिणीवर अन्याय झाला, आणि तो मर्यादेच्या नावाखाली झाला.

बोटीमागे उडणाऱ्या पॅराशूटला लटकून ती पहिल्यांदाच वर जाणार होती. पट्टे बांधणाऱ्या पोराने खांद्यांचे पट्टे आवळले, पण मांडीच्या पट्ट्यांपाशी तो थबकला. मागे मामा-मामी, सगळं घर उभं. तोंड फिरवून त्याने विचारलं, "ताई, एवढं चालेल ना?" ती खाली बघत "हो" म्हणाली. मामी म्हणाली, "बास रे, किती आवळशील तिला!"

बोटीने ओढ घेतली, ती वर उचलली गेली आणि ढिल्या पट्ट्यांतून खाली घसरली. उतरेपर्यंत सगळा भार काखांवर. वाळूवर आली तेव्हा तिचे हात वर होईनात.

मामा म्हणाले, "काय, फिटली हौस?"

"हौसेचं काय काढता मामा? पट्टा ढिला होता," मी म्हटलं.

मला राग येतो तो त्या पोराचा नाही. तो सभ्यपणे वागला, तीही सभ्यपणे वागली. दोघांच्या त्या सभ्यपणात ती समुद्रात पडली असती. एवढं अवघडलेपण आपण पोरींना शिकवतो, आणि मग त्यांनाच हसतो.

तुम्ही विमानातून उडी मारा नाहीतर बोटीमागे उडा, मांडीचे पट्टे आधी स्वतः ओढून बघा. ढिले वाटले तर सगळ्यांदेखत मोठ्याने सांगा, "आवळ." तो आवळेपर्यंत जमीन सोडू नका.