खाकरा बघायला धारला

आधी चूक सांगतो, मग प्रवास. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी या ब्लॉगवर मुलांसाठी कवितांचे अर्थ लिहितो. त्यात एक जुनी निनावी निसर्गकविता आहे. धारच्या मराठी दरबारातल्या कुणा कारकुनाने ती लिहिली म्हणतात. तिच्यात एक ओळ येते : ‘पान नाही अंगावर, तरी खाकरा हसे वाटेवर.’ मी ठोकून दिलं होतं की खाकरा म्हणजे घसा खाकरणारा म्हातारा, अंगावर पान नाही म्हणजे गरिबी, आणि कवितेचा विषय वार्धक्य. वर त्यात रूपकसुद्धा शोधून दिलं होतं!

खाली देवासच्या वसुधाबाईंची कॉमेंट आली : ‘सर, खाकरा म्हणजे पळस. आमच्याकडे झाडाला असंच म्हणतात.’ मी उत्तर दिलं : ‘आपला गैरसमज झाला आहे. कृपया शब्दकोश पाहावा.’ ते लिहिताना मी स्वतः कोश उघडला नव्हता, हेही सांगून टाकतो.

महिन्याभराने त्यांनी पुन्हा लिहिलं. रविवारी दहा वाजता त्या दत्तमंदिराच्या हॉलमध्ये मराठी शिकवतात, फी न घेता. तिथली मराठी मुलं हिंदी शाळांत जातात, बोलतात बरी पण वाचताना अडखळतात. ‘एकूण अकरा मुलं होती. तुमचं उत्तर वाचून तिघांच्या घरच्यांनी पाठवणं बंद केलं. म्हणतात, पुण्याचे सर चूक कसे असतील, आपल्या मॅडमचीच मराठी बिघडलेली. सर, फागुनात एकदा येऊन झाड बघा.’

हे वाचून मला रात्रभर बरं वाटलं नाही. सकाळी तिकीट काढलं.

पुण्याहून इंदूरला स्लीपर बस जाते. एसीची घ्या आणि शाल जवळ ठेवा, कारण एसी कमी करा म्हटलं की ड्रायव्हर मान हलवतो आणि तेवढंच करतो. इंदूरला उतरल्यावर पोहे-जलेबी खाल्ली. पोह्यांवर शेव घालतात, बडीशेपेची चव लागते आणि सोबत गोड जलेबी! पहिल्या घासाला मी नाक मुरडलं, दुसरी प्लेट स्वतःहून मागितली. धारची बस दीड-दोन तासांत पोचवते. धारला दुपारी दाल-बाफले खाल्ले, म्हणजे वरण आणि कणकेचे उकडून भाजलेले गोळे. तुपात बुडवलेला बाफला एक पुरे, दोन खाल्लेत तर पुढचा प्रवास झोपेत होईल.

झाड बघायला गावाबाहेर, अमझेऱ्याच्या रस्त्याला जायचं म्हणून रिक्षा ठरवली. गाव मागे पडलं तसा दोन्ही बाजूंना उघडा माळ लागला आणि त्यावर शेंदरी फुलांनी भरलेली झाडं. मी रिक्षा थांबवून विचारलं, “भैया, ये कौन सा पेड़ है?”

“खाकरो है, बाबूजी. इका पत्ता की पत्तल बने.” पत्तल म्हणजे आपली पत्रावळ.

“मगर पत्ता तो एक भी नहीं है.”

“अबी नी है. फागण में फूल, पत्ता पाछे.” शाळेत जाणाऱ्या पोराला सांगावं तसं त्याने सांगितलं.

मी खाली उतरलो. झाडावर खरोखर एक पान नव्हतं, नुसती फुलं. कचेरीतून थकून निघालेल्या त्या कारकुनाला हेच दिसलं असणार, आणि त्याने जे दिसलं ते लिहिलं. त्यात गरिबी घुसवली ती मी. भर उन्हात, रिक्षावाल्यासमोर मला मनापासून लाज वाटली.

रविवारी देवास. इंदूरहून तासाभरात बस पोचते, गावातली देवीची टेकडी लांबूनच दिसते. वसुधाबाई स्टँडवर न्यायला आल्या होत्या. पन्नाशीच्या, हातात खडूचा डबा. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, “पहिले चहा तर घ्या ना सर. मला काय सांगता, मला तर माहीतच आहे. मुलांना सांगा.”

हॉलमध्ये आठ मुलं बसली होती. मी फळ्याशी उभा राहिलो आणि म्हणालो, “खाकरा म्हणजे पळस. मी चुकीचं लिहिलं होतं. तुमच्या बाई बरोबर आहेत.”

पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. “पण सर, आपण तर लिहिलं होतं, पान नाही म्हणजे गरिबी?”

मी काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या, “पान म्हणजे पानच, बेटा. पहिले झाड बघायचं, मग अर्थ.”

तीस वर्षं कविता शिकवली, पण हे वाक्य मला कधी सुचलं नाही. मग त्या मुलीने कविता वाचली, अक्षराला अक्षर जोडत. ‘हसे वाटेवर’पाशी आली आणि स्वतःच हसली. निघताना बाईंनी शेवेचं पाकीट हातात ठेवलं, आणि ते दोन दिवसांत संपलंही.

घरी येऊन जुना लेख उघडला. अर्थ बदलला, ‘वार्धक्य’ काढून ‘फाल्गुन’ लिहिलं. माझं ते उर्मट उत्तर पुसणार होतो, पण पुसलं असतं तर बाई कशासाठी भांडत होत्या ते कुणाला कळलं नसतं. म्हणून ते तसंच ठेवलं आणि खाली लिहिलं : ‘गैरसमज माझा होता.’

काल बाईंचा मेसेज आला. तिघांतली एक मुलगी परत आली. अजून दोघं यायची आहेत. त्यांच्या आईवडिलांच्या नजरेस पडावा म्हणून हा लेख ब्लॉगच्या अगदी वर ठेवतो आहे. मुलांना रविवारी दहाला पाठवा. त्यांच्या बाईंची मराठी चांगली आहे, पुण्याच्या सरांची त्यांनीच सुधारली.