मत रद्द समजावे

पंचाहत्तर ते पंच्याऐंशी या दहा वर्षांत नाशकात कुणाला कुठलं गाणं आवडायचं, हे भूगोलाचे एक शिक्षक ठरवत असत. ही अतिशयोक्ती आहे असं तुम्हाला वाटेल, मलाही अधूनमधून वाटतं. पण त्या काळात माझ्या कपाटात शंभरएक रेकॉर्ड होत्या आणि त्यातली एकही मी स्वतःच्या आवडीनं घेतलेली नव्हती, हेही तितकंच खरं. माझी आवड नेमकी कुठली, हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही. सर होते ना!

सर आठवडाभर शाळेत भूगोल शिकवत आणि रविवारच्या पुरवणीत शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्डवर लिहीत. दोन्ही कामं ते एकाच डोक्यानं करत. 'या ख्यालाचा उगम निर्मळ आहे, परंतु मुखाशी गाळ साचला आहे,' असं ते लिहीत आणि आम्ही रेकॉर्ड जमवणारे दहाबारा जण चहा गार होईपर्यंत त्या गाळाचा विचार करत बसू. एकदा त्यांनी एका नामांकित बुवांविषयी लिहिलं, 'हे गायन पठारी आहे.' बस्स, एवढंच. आमच्यातल्या निम्म्यांनी म्हटलं, पठार म्हणजे उंची, स्तुतीच आहे. उरलेले म्हणाले, पठार म्हणजे सपाट, बुवा संपले. बुधवारी गोदाकाठच्या बाजारात निम्मे लोक ती रेकॉर्ड काढून टाकायला आले आणि निम्मे शोधायला. तासाभरात रेकॉर्डनी घरं बदलली आणि दोन्ही पक्ष समाधानानं परतले. मी मात्र सरांना भेटून अर्थ विचारला. "पठार म्हणजे पठार," ते म्हणाले. मी मान डोलावली. ती का डोलावली, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

त्यांच्याकडे स्वतःचा रेकॉर्ड प्लेअर नव्हता. "न्यायाधीशाच्या घरी आरोपी राहत नसतात," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे ते आमच्या घरी येऊन ऐकत. आले की आधी पंखा बंद करायला लावत, मग स्वयंपाकघरातला कुकर. खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून बसत, आणि गाणं सुरू झालं की उजव्या हाताची तर्जनी वर धरत. ती हळूहळू खाली आली की रेकॉर्ड पडली समजायचं. आमची सगळ्यांची दृष्टी त्या बोटावर. गाणं कोण ऐकतंय! माझी बायको दारातून बघायची आणि नंतर म्हणायची, "उद्या त्यांनी बोट खाली केलं, तर मलाही बुधवारच्या बाजारात नेऊन ठेवाल."

माझ्याकडे बाबांची एक जुनी रेकॉर्ड होती, अठ्ठ्याहत्तरच्या वेगाची. कुणा विस्मरणात गेलेल्या बाईंची जौनपुरी. साडेतीन मिनिटांत सगळा राग उरकून शेवटी बाई ठसक्यात स्वतःचं नाव सांगत. बाबा रविवारी दाढी करताना ती लावत आणि बाईंनी नाव सांगितलं की आरशाकडे बघून "वा, बाई!" म्हणत. बाबा गेल्यावर ती मी सरांना ऐकवायची म्हटलं तर धीर होईना. माझी नव्हे, बाबांची आवड पणाला लागणार होती.

त्याच सुमारास सर माझ्याकडे दुसरीच एक जुनी रेकॉर्ड ऐकून म्हणाले, "तुमच्याकडे सगळे गवई पेंगतात." मी ते मनाला लावून घेतलं. मशीन उघडलं आणि मोटरच्या दांडीवर चिकटपट्टीचे दोन वेढे दिले, म्हणजे चाक जरा जोरात फिरावं. पेंग गेली. मग धीर करून सरांना बाबांची रेकॉर्ड ऐकवली. मलाही ती जरा लगबगीची वाटली, पण बाबा गेल्यापासून मला सगळंच तसं वाटत होतं. सरांचं बोट पहिल्याच मिनिटाला खाली आलं. "आवाज पोरकट, आणि बाईंना गाडी गाठायची आहे."

मी काय केलं असेल? लाज वाटते सांगायला. पुढच्याच आठवड्यात निफाडला जाऊन आबांना ती रेकॉर्ड देऊन आलो. आबा म्हणजे द्राक्षबागायतदार, आमच्यातले एकटेच सरांचा लेख न वाचणारे. रेकॉर्ड हातात घेऊन म्हणाले, "अहो, ही तर तुमच्या वडलांची सही हाय हिच्यावर. नक्की देताय नव्हं?" मी नक्की म्हणालो.

वर्षभरानं एका रविवारी पुरवणी उघडली आणि डोळे विस्फारले. सर निफाडला शाळा तपासणीला गेले होते, तिथे आबांच्या चावीच्या ग्रामोफोनवर त्यांनी एक जौनपुरी ऐकली होती. 'शांत, खोल, दोन्ही तीरांना धरून वाहणारा आवाज. इतकी वर्षं ही नदी नकाशावर कशी नव्हती?' खाली बाईंचं नाव. माझ्या बाईंचं!

मी सरांना घरी बोलावलं आणि म्हटलं, "सर, आबांकडची ती रेकॉर्ड मीच त्यांना दिलेली. बाईंना गाडी गाठायची होती, तीच."

"शक्य नाही," सर म्हणाले.

"तीच आहे. लेबलावर बाबांची सही आहे."

तेवढ्यात बायको चहा ठेवताना म्हणाली, "ती चिकटपट्टी लावल्यापासून आपल्याकडच्या जुन्या रेकॉर्डी पळतातच. मला वाटलं, तुम्हाला तशाच आवडतात."

सरांनी मनगटावरचं घड्याळ काढलं. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे हवेत. तिघांनी मोजले. माझे सत्त्याऐंशी भरले, सरांचे त्र्याऐंशी, बायकोचे नव्वद. अठ्ठ्याहत्तर मात्र कुणाचेच नाहीत. सर चहा न घेता गेले.

त्यानंतर ते घड्याळ घेऊन प्रत्येकाच्या घरी फिरले. कुणाचं मशीन रेंगाळत होतं, कुणाचं धावत होतं. महिनाभर लेख आला नाही. मग आम्हा सगळ्यांना पोस्टकार्डं आली. 'आपल्याकडील अमुक रेकॉर्डविषयीचे माझे मत रद्द समजावे. गवई निर्दोष.' कुणाला तीन आली, कुणाला सात. मत रद्द झालं म्हणजे रेकॉर्ड आता चांगली की वाईट, हे विचारायला आम्ही एकमेकांकडे धावलो. कुणालाच सांगता येईना.

मी पट्टी सोलून काढली, मोजून वेग लावला आणि निफाडला गेलो. आबांनी रेकॉर्ड फडक्यात गुंडाळून तयारच ठेवली होती. "लय आवडली मला," ते म्हणाले, "पण तुमची ती तुमची."

सर आले. पंखा त्यांनी बंद करायला लावला नाही. खुर्ची भिंतीकडे वळवली नाही, माझ्यासमोर बसले. हात मांडीवर. बाईंनी जौनपुरी गाऊन नाव सांगितलं. मी सवयीनं सरांच्या बोटाकडे पाहत होतो. ते हललंच नाही.

"तुम्हाला कशी वाटली?" त्यांनी मला विचारलं.

दहा वर्षांत पहिल्यांदा. मी उगम, गाळ, पठार सगळं आठवून पाहिलं. त्यातलं काहीच बाईंना लागू पडेना. सरांनी बराच वेळ वाट पाहिली, अगदी विद्यार्थ्याची पाहावी तशी, आणि मग हळूच म्हणाले, "चूक माझीच आहे."

त्यांनी पुन्हा लिहिलं नाही. दोन वर्षांनी ते गेले. ती चूक त्यांची नव्हती, माझी होती, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. आणि हेही, की मला बाई आवडल्या होत्या. का, ते सांगता येणार नाही, पण खूप आवडल्या होत्या, सर.