पडलो की आबांना सांगायचं

किस्से आपोआप साठतात, असं लोक म्हणतात. चार टाळकी जमली, चहा आला, की झालं! आमचं तसं नव्हतं. आम्हाला दर आठवड्याला निदान एक ताजा किस्सा लागायचा, आणि तो रविवारी संध्याकाळपर्यंत तयार पाहिजे असायचा. ऑर्डरच होती म्हणा ना!

गिऱ्हाईक एकच. परब्याचे वडील, आबा.

प्रभाकर परब, विल्सन आणि मी, आम्ही तिघे मरोळच्या एका कंपनीत टूलरूमला होतो. परब्याचे आबा गिरणीत. संप झाला, लांबला, आणि गिरणी बंद पडली ती पडलीच. परळची खोली विकून मंडळी नाहूरला आली. तिथे आबा जे खिडकीपाशी बसले, ते उठेचनात. घराबाहेर पाऊल नाही. बोलणं म्हणजे ‘हो’ आणि ‘नको’. हाच माणूस एके काळी गणपतीत नकला करून अख्खी चाळ हसवायचा, असं परब्याची आई सांगायची. डॉक्टर म्हणाला, "शरीराला काही झालेलं नाही. मन रमवा." परब्याने रेडिओ आणला, पत्ते आणले, गावाहून मामाला आणला. आबा खिडकीबाहेर बघत राहिले.

मग आम्ही मोटारसायकल घेतली!

आता ती काही आबांसाठी घेतली नव्हती, खोटं कशाला बोलू? ती आम्हाला हवीच होती. पण तिच्यावरून आम्ही इतक्या वेळा पडायला लागलो, आणि ते पडणं ऐकून कॅन्टीनवाले इतके हसायला लागले, की परब्याने ठरवून टाकलं. आबांना हसवायचं तर ह्याच गाडीने.

* * *

गाडी जुनी, शंभर सीसीची टू-स्ट्रोक. घाटकोपरच्या एका माणसाकडून तिघांनी मिळून घेतली आणि मरोळ गावात विल्सनच्या अंगणात नेऊन ठेवली. आम्हाला ती डोंगरात, मातीत, चिखलात चालवायची होती, म्हणून वजन कमी करायला घेतलं. हेडलाईट काढला. इंडिकेटर काढले. आरसे, मडगार्ड, मागचं कॅरियर, सगळं काढून कोपऱ्यात ढीग घातला. सायलेन्सर वर उचलून बांधला. टायर गाठींचे लावले. संध्याकाळी तिघे लांब उभे राहून बघतोय, काय दिसत होती! सडपातळ, उंच, उडी मारायच्या तयारीत!

विल्सनची आई पाणी घेऊन बाहेर आली. तिने गाडीभोवती एक फेरी मारली. मग विल्सनला जरा बाजूला घेतलं, पण आवाज काही तिला हळू करता आला नाही.

"पोरा, बाकीची गाडी कवा येल?"

* * *

टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं. ते काम परब्याकडे, ऑइलचा डबाही त्याच्याच घरी. एका रविवारी सकाळी डबा रिकामा निघाला आणि पंप तर अजून उघडायचा होता. परब्या म्हणाला, "तेल ते तेल!" आणि घरातून खोबरेल तेलाची बाटली घेऊन आला.

यार, गाडी चालली! थोडी कण्हत होती, पण चालली. वास मात्र असा सुटला की आरे कॉलनीतल्या एका तबेल्यातला भय्या धावत बाहेर आला आणि विचारायला लागला, "क्या तल रहे हो?" विल्सन म्हणाला, "मोटरसायकल!" दिवसभर आम्हाला भूक लागत राहिली, ती वेगळीच.

संध्याकाळी परब्याने रिकामी बाटली आईच्या हातात ठेवली आणि आबांसमोर सगळा किस्सा रंगवून सांगितला. आबा काही बोलले नाहीत. आई बोलली.

"आता माज्या केसांक काय तुज्या गाडयेचा तेल लावू?"

सोमवारी कॅन्टीनमध्ये मी पहिला प्रश्न विचारला, "हसले?"

"आई हसली, शेजारी हसले," परब्या म्हणाला. "आबा खिडकीबाहेर."

मला फार वाईट वाटलं. किस्सा चांगला होता.

* * *

मरोळहून आरेत जायचा रस्ता म्हणजे आमची मोठी पंचाईत. लाईट नाही, हॉर्न नाही, अशी गाडी रस्त्यावर चालवायची कशी? म्हणून आम्ही ती ढकलत न्यायचो. एकदा विल्सनला ढकलायचा कंटाळा आला. "अरे, पाच मिनिटांचा तर रस्ता!" म्हणत त्याने किक मारली. वळणावर हवालदार उभा.

"लाईट?"

"नाही साहेब."

"हॉर्न?"

"नाही साहेब."

"आरसा?"

विल्सन आमच्यात सगळ्यात हुशार. छाती पुढे काढून म्हणाला, "साहेब, ही रस्त्यावरची गाडीच नाही!"

"मग रस्त्यावर काय करतेय?"

विल्सनची वाटच लागली. पण आमच्या गाडीचा मोठेपणा असा, की ती छोटी होती. विल्सन खाली उतरला, एका हाताने हँडल धरलं, दुसऱ्या हाताने मागचा दांडा, आणि अख्खी गाडी उचलून रस्त्याकडेच्या गवतात ठेवली.

"आता नाही साहेब रस्त्यावर!"

हवालदाराने गवतातली गाडी एकदा बघून घेतली. मग मागून येणाऱ्या ट्रककडे वळून उगाचच शिट्टी मारत निघून गेला.

* * *

आमच्या सुपरवायझरकडे, बापटसाहेबांकडे, मोठी मोटारसायकल होती. काळी, भारदस्त, चार-स्ट्रोक. कंपनीत शिरली की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. आमच्या गाडीला ते ‘डास’ म्हणायचे. एकदा म्हणाले, "जाता कुठे तुम्ही डास घेऊन? मीपण येतो."

आमची गाडी टेम्पोत टाकून आम्ही त्यांना गोराईला नेलं. खाडीलगतच्या खाजणात वरून माती सुकलेली दिसते, आत सगळा रबडा. आमची गाडी रुतली की एक जण उतरायचा, उचलायचा, पुढे ठेवायचा. बापटसाहेबांची रुतली ती रुतलीच. आधी चाकं गेली, मग इंजिन, मग साहेबांचे बूट. आम्ही तिघांनी ओढलं, जागची हलेना. शेवटी जाळी सुकवत बसलेले कोळीवाड्यातले सगळे बाप्ये बोलवावे लागले. त्यांनी होडी ओढायच्या दोराने, होडी ओढायच्या आरोळ्या देत गाडी बाहेर काढली. साहेब काठावर मोजे पिळत बसले होते.

त्या दिवशी मला आमच्या गाडीचं सगळं गुपित कळलं. मोठ्या गाडीवरून पडलं की हॉस्पिटल. छोट्या गाडीवरून पडलं की किस्सा! ती तुम्हाला पाडते, पण अंगावर बसून राहत नाही. तुम्ही उठता, तिला उठवता, किक मारता, आणि निळा धूर सोडत ती निघते पुढच्या ठिकाणी पाडायला. माणसाला एवढी आशा वाटायला लावणारं दुसरं यंत्र मी टूलरूममध्येही पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बापटसाहेब माझ्या मशीनपाशी आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले,

"डासात चौथा भागीदार घेता का?"

* * *

हा माझा. मुलुंडच्या डोंगरात एक पायवाट आहे, उभी, सुट्ट्या दगडांची. ती गाडीवरून चढायची असा पणच केला होता मी. पहिल्यांदा गेलो, अर्ध्यावर पडलो. खाली आलो, पुन्हा गेलो, पुन्हा तिथेच पडलो. मी गाडीखालून निघत असताना एक म्हातारी डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन माझ्या बाजूने वर गेली. मी तिसऱ्यांदा पडलो तेव्हा ती मोळी टाकून परत खाली येत होती. चौथ्यांदा पडलो, तेव्हा दुसरी मोळी घेऊन वर निघाली होती!

ह्या वेळी ती थांबली. मोळी सावरत तिने माझ्याकडे नीट पाहिलं. इतक्या मायेने कुणी माझ्याकडे बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"पाय बरे नाहीत का रे तुझे?"

हा किस्सा परब्याने आबांना सांगितला आणि सोमवारी टूलरूममध्ये नुसता गोंधळ! परब्याच्या आईचं म्हणणं, आबांचा ओठ हलला. परब्याचं म्हणणं, माशी बसली होती. विल्सन म्हणाला, "माशी बसली तर माणूस हात हलवतो, ओठ नाय!" जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघांनी आळीपाळीने ओठ हलवून पाहिले. बापटसाहेबांनाही हलवायला लावले. शेवटी ठरलं, माशी नव्हती.

माझ्या पडण्याचं एवढं चीज कधी झालं नव्हतं!

* * *

आणि मग दहिसर.

नदीपलीकडच्या खडकाळ माळावर एका क्लबने शर्यत ठेवली होती. छोट्या गाड्यांचा वेगळा गट होता. आमच्यात परब्या सगळ्यात बरा चालवायचा, म्हणून नाव त्याचं दिलं. परब्याला कप हवा होता. "घरात खिडकीत ठेवीन," म्हणाला. "तिथेच बघत असतात ना दिवसभर, निदान कप बघतील."

त्या दिवशी सकाळी परब्याच्या आईने पदर खोचला. "मी चललंय दहिसराक. एकटी! वाट चुकलंय तर चुकलंय!" आणि खरंच चपला घालून जिन्याशी गेली. ती आयुष्यात एकटी शेजारच्या भांडुपलाही गेली नव्हती. मागून दार वाजलं. आबा शर्टाची बटणं लावत उभे होते.

दहिसरला आम्ही दोघांना खुर्च्या दिल्या. आबांनी आपली खुर्ची उचलली, फिरवली, आणि शर्यतीकडे पाठ करून बसले. परब्याने ते पाहिलं. त्याने हेल्मेट घातलं.

लाऊडस्पीकरवरून नियम सांगत होते. गाडीला फक्त चालवणाऱ्यानेच हात लावायचा. बाहेरच्या माणसाने मदत केली, तर नंबर बाद.

काय चालवली परब्याने! सुटताना मागे होता, मग मधे आला, आणि शेवटच्या फेरीला चक्क दुसरा! पुढे एक लाल मातीचा चढ होता. धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारलं होतं, त्याचा सगळा चिखल झाला होता. पहिला कसाबसा वर गेला. परब्या अर्ध्यावर घसरला, आडवा झाला, इंजिन बंद.

त्याने गाडी उचलली. किक मारली. पुन्हा मारली. नुसता फुसफुस आवाज. मागचे दोघे त्याला वळसा घालून वर गेले. मग तो खाली उतरून ढकलायला लागला, पण दोन पावलं वर गेला की तीन पावलं खाली. आम्ही शर्यतीच्या कडेला बांधलेल्या दोरीशी उभे. दहा पावलांवर गाडी, आणि हात लावायचा नाही! विल्सन दोरीखालून वाकायला लागला, म्हणून मी त्याचा शर्ट धरला. मी वाकायला लागलो, तेव्हा त्याने माझा धरला. दोघे एकमेकांना धरून बोंबलत होतो, "परब्या, मार! मार किक!"

एवढ्यात परब्याची आई ओरडली. मी मागे पाहिलं. आबांची खुर्ची रिकामी.

आबा चढावर होते. चपला चिखलात कुठेतरी अडकून राहिलेल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत लाल. दोन्ही हात गाडीच्या मागे रोवून ढकलत होते, आणि एवढ्या महिन्यांचं न बोललेलं सगळं एकदम बाहेर पडत होतं.

"बस वर! बस मेल्या! मी लोटतंय! घाल गियर!"

परब्या बसला. आबांनी खांदा लावला. गाडी एकदा खोकली, दोनदा खोकली, आणि फाडकन सुरू झाली! मागच्या चाकाने उडवलेला सगळा चिखल आबांच्या तोंडावर, शर्टावर, केसांत.

परब्या पुढे गेलाच नाही. सुरू गाडीवर, तिथेच चढावर, मान मागे वळवून वडिलांकडे बघत राहिला.

शिट्टी वाजली. दंडाला पट्टी बांधलेला पंच धावत आला. "ओ काका, व्हा बाजूला! बाहेरच्या माणसाने हात लावलाय. नंबर बाद!"

आबांनी डोळ्यांवरचा चिखल पुसला. शर्ट खाली ओढून सरळ केला. आणि पंचाच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले.

"बाहेरचो कोण रे? बापूस आसंय मी तेचो!"