बादलीतला समुद्र

मांजरी गावचे भीमराव ओव्हाळ यांनी छत्तीस वर्षं समुद्राचा ताप उतरवून घेतला, तोही पुण्यात बसून. हवामानाच्या एका सरकारी कचेरीत ते कारकून होते. जहाजांवरच्या वह्या तिथे गठ्ठ्यांनी यायच्या. खलाशी दर सहा तासांनी समुद्राचं पाणी मोजून आकडा लिहीत आणि भीमराव तो कार्डावर उतरवत. कंटाळवाणं काम, असं बाकीचे म्हणत. भीमरावांना तसं कधी वाटलं नाही. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलं की मंडळी वंदन करून परतायची. हे मात्र पायजमा दुमडून समुद्रात हात बुडवून उभे.

"बघितली का नाडी?" त्यांच्या पत्नी सुंदराबाई विचारायच्या. "चला आता, पेशंट काही पळून जात नाही."

यंदा उन्हाळ्यात तेजस्विनी घुले त्यांच्या दारात आली. मांजरीचीच मुलगी, पण शिकली समुद्रशास्त्र.

"घुल्यांची का तू?" सुंदराबाई म्हणाल्या. "उसाला पाणी पुरेना म्हणून थेट समुद्र गाठलास होय?"

तेजस्विनी हसली, पण काम गंभीर होतं. अरबी समुद्र किती तापला हे ती जुन्या नोंदींवरून काढत होती. पूर्वी खलाशी दोरीनं बादली सोडून पाणी वर ओढत आणि त्यात तापमापी धरत. पुढे इंजिन थंड करायला जो नळ समुद्राचं पाणी आत घेतो, त्यातच मोजू लागले. बादलीचं पाणी वाऱ्यानं जरा निवतं, नळाचं इंजिनखोलीच्या उष्म्यानं जरा चढतं. दोन्ही आकडे एकत्र केले, तर समुद्र आहे त्याहून जास्त तापलेला दिसतो. कशानं मोजलं ते लिहायला वहीत रकाना होता. निम्म्या जहाजांनी तो कोराच सोडला होता.

"आमचे सर म्हणतात, कोऱ्या रकान्याच्या सगळ्या नोंदी बाद करा," ती म्हणाली. "म्हणजे आजोबा, तुमच्या हातची निम्मी वर्षं गेली. पण मूळ वह्या पाहिल्या, तर समासात पेन्सिलीनं बारीक 'बा' आणि 'न' दिसलं. अक्षर तुमचं?"

"माझंच. बा म्हणजे बादली, न म्हणजे नळ. त्याबद्दल मेमो मिळाला होता मला, अनधिकृत खुणा केल्याचा. जपून ठेवलाय. हवा का?"

"पण जहाजावर तुम्ही नव्हता. कळायचं कसं?"

"बादलीवाला डेकवर उभा असतो गं. ओल्या हातानं तिथंच लिहितो. शाई फुटते, मीठ लागून कागद खरखरीत होतो. नळाचा आकडा इंजिनखोलीतून चिठ्ठीवर येतो. मग चार-चार आकडे एका बैठकीत, एका शाईत उतरवतात. कोरडे, ओळीत."

"सर याला अंदाज म्हणतील."

"म्हणू देत. परीक्षा घ्या माझी."

पुढच्या रविवारी ती रीतसर परवानगी काढून वीस पानं घेऊन आली. या पानांवर जहाजांनीच पद्धत लिहिली होती. रकाना आणि समास तिनं पट्टी लावून झाकले होते. भीमरावांनी हात धुतले, कोरडे केले आणि खिडकीशी बसले. एकेक पान उजेडात तिरकं धरून त्यावरून बोट फिरवलं. अर्ध्या तासात दोन गठ्ठे झाले. तीन पानं मात्र वेगळी ठेवली.

"ही सांगता येत नाहीत."

"अंदाजानं सांगा ना."

"अंदाजानं बोलता आलं असतं, तर साहेब होऊन रिटायर झालो नसतो का?"

तेजस्विनीनं पट्ट्या काढल्या. सतराच्या सतरा बरोबर. जुन्या वह्यांत पाचातल्या एका पानावर कसलीच खूण नव्हती. तिला वाटलं होतं, म्हातारबाबा कंटाळले असतील. ते कंटाळले नव्हते. जिथे कळलं नाही, तिथे त्यांनी लिहिलंच नव्हतं.

पावसाळा सरता सरता तिचा फोन आला. खूण असलेल्या नोंदी सरांनी ठेवून घेतल्या होत्या. बादली बादलीशी आणि नळ नळाशी ताडल्यावर तापमानवाढ आधीपेक्षा थोडी कमी भरली.

"कमी? मग बरंच झालं की," सुंदराबाई फोनजवळ सरकून म्हणाल्या.

"कमी भरली आजी, पण गेली नाही. आता हा नळाचा दोष आहे असं कुणाला म्हणता येणार नाही. वरचं पाणी तापलं की हलकं होऊन वरच राहतं, खालचं सकस पाणी वर येत नाही. मग बारीक जीव घटतात, आणि त्यांच्यावर जगणारी तारली, बांगडा दुसरीकडे जातात." मग ती भीमरावांना म्हणाली, "लेखात तुमचं नाव घालतेय. चालेल ना?"

"घाल. पण पाचवा हिस्सा ओळखता आला नाही, हे लिहिलंयस का?"

"शेवटी, टिपेत लिहिलंय."

"टिपेत नको, वर घे. वाचणाऱ्याला शंका येण्याआधी ती आपण सांगितलेली बरी. मग पुढचं सगळं ऐकतो तो."

तेजस्विनीनं ते वाक्य दुसऱ्या परिच्छेदात घेतलं. लगेच त्याखाली भीमराव ओव्हाळांचं नाव आलं.