मॅनेजर बदलला त्या हंगामातलं भरीत

आमचा फुटबॉल क्लब भुसावळच्या रेल्वे कॉलनीतला. खेळणारे बहुतेक लोको शेडमधले फायरमन. इंजिनच्या भट्टीत कोळसा मारायचा आणि सुट्टी मिळाली की चेंडूमागे पळायचं, हेच त्यांचं आयुष्य. नाना आमचे मॅनेजर. मूळचे पारोळ्याकडचे, मालगाडीचे निवृत्त गार्ड. बायको वारलेली, मुलगी सासरी. संध्याकाळी मैदान सोडून जायला त्यांना दुसरी जागा नव्हती. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी आम्ही त्यांना भर हंगामात काढलं.

काढलं ते त्यांच्या एका नियमापायी. मॅचच्या सकाळी नाना कॉलनीतून फेरी मारत. रात्रभर इंजिनावर राबून आलेल्या फायरमनची ड्यूटीवर न्यायची पत्र्याची पेटी दाराशी टेकवलेली असे. ती दिसली की नाना दार न वाजवता पुढे जात, आणि तो गडी त्या दिवशी संघातून बाद. मग तो कितीही मोठा खेळाडू असो.

या नियमाचं मूळ माझ्या गुडघ्यात होतं. मीही फायरमन होतो, आणि खेळायचो बरा. एकदा रात्रभर जागून येऊन नुकताच आडवा झालो होतो, तेव्हा नानांनीच मला उठवून मॅचला नेलं. मी गोल केला, पोरांनी खांद्यावर घेऊन मिरवलं. त्याच संध्याकाळी ड्यूटीवर चढताना झोपेच्या गुंगीत इंजिनच्या पायरीवरून खाली आलो. गुडघा गेला तो गेलाच, आणि मला शेडच्या स्टोअरमध्ये बसवण्यात आलं. नाना रोज दवाखान्यात यायचे, खाटेशेजारी बसून राहायचे. मला त्यांचा राग कधी आला नाही. त्यांना मात्र स्वतःचा आला असावा, कारण पेटीचा नियम तिथून सुरू झाला.

त्या थंडीत आम्ही ओळीने हरत गेलो. आमचा सेंटर फॉरवर्ड म्हणजे संघाचा कणा, आणि त्याची पेटी नेमकी मॅचच्या सकाळीच दाराशी दिसायची. कमिटीत सगळे ऑफिसातले बाबू, रात्री घरी झोपणारे. सेक्रेटरी म्हणाले, "म्हातारा संघाला अंगाई म्हणतोय." आमच्या गोलकीपरने विचारलं, "भर मांडवात नवरदेव बदलतात का? पोरं नानांना मानतात, उद्या बूट टाकून घरी बसली तर?" त्यावर तोडगा म्हणून माझं नाव निघालं. मी घरचाच, पोरं माझं ऐकतील आणि नानांनाही परक्याने काढल्यासारखं वाटणार नाही, असा हिशेब होता. मी हो म्हणालो. गुडघा गेल्यापासून मला कुणी काही विचारलंच नव्हतं. मला बरं वाटलं आणि लाजही वाटली.

आता नानांना सांगायचं कुणी? कडू गोष्ट उपाशीपोटी सांगू नये ही आमच्याकडची रीत. म्हणून ठरलं की यावल रस्त्यावरच्या केळीच्या मळ्यात भरताची पार्टी करायची आणि जेवणं झाली की सेक्रेटरींनी हळूच विषय काढायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढ्या शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की क्लबचं भरीत दरवर्षी नानाच करतात.

नाना पहाटेच मळ्यात हजर. कपाशीच्या काड्यांचा जाळ करून त्यांनी हिरवी वांगी भाजली, लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचली, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे घातले. दरवर्षीसारखं फर्मास झालं होतं. सेक्रेटरींनी तीनदा वाढून घेतलं आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. ज्याच्या हातचं खातोय त्याला जा कसं म्हणायचं? मी तर भाकरीचा तुकडा नुसता भरतात फिरवत बसलो होतो.

नाना वाढत वाढत माझ्यापाशी आले, वाकून हळूच त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "मीठ बराबर शे का?"

मी मान हलवली.

"मंग खाय ना. माले बठ्ठं माहीत शे. ह्या बाबूस्ले पोटभर खाऊ दे, त्यास्ना जीव उगाच टांगेल शे."

म्हणजे त्यांना सगळं आधीच कळलं होतं. एवढं बोलून ते पुढच्या पंगतीकडे गेले. माझे डोळे भरून आले. धूर झालाय असं मी शेजाऱ्याला सांगितलं.

मॅनेजर म्हणून माझी पहिलीच मॅच अशी होती की हरलो तर स्पर्धेतून बाहेर. मैदानावर पोचलो तर सेंटर फॉरवर्ड बुटाच्या नाड्या बांधत बसलेला. सेक्रेटरींनी त्याला झोपेतून उठवून आणलं होतं. डोळे लाल, नाडीची गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती. मैदानापलीकडे कडुनिंबाखाली नाना बसले होते, आमच्याकडे पाठ करून.

"संध्याकाळी ड्यूटी आहे का रे?" मी विचारलं.

"हो. खंडव्याची मालगाडी."

"घरी जा. झोप."

"भाऊ, मी खेळू शकतो."

"ते मला माहीत आहे," मी म्हणालो. "मीही खेळलो होतो."

तो माझ्या गुडघ्याकडे बघत राहिला. मग बूट काढून हातात घेतले आणि निघून गेला.

आम्ही एका गोलने हरलो. सेक्रेटरी सगळ्यांसमोर कडाडले, "हेच करायचं होतं तर नानांना काढलं कशाला?" प्रश्न रास्त होता. पोरंही मान खाली घालून पांगली. मी बाकावर एकटाच उरलो.

तेवढ्यात नाना मैदान ओलांडून आले. बाकावरच्या आपल्या जुन्या जागेवर बसले आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. दवाखान्यात रोज येऊनही त्या गुडघ्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता.

"आते तुले बी काढतीन," ते म्हणाले. "तुना भरीतले वांगा मी आनसू."